अंगठ्याखालचं बटन

३ फेब्रुवारी, मंगळवार
बिडी बंद करून आज नववा दिवस. जीव नुसता खवळलाय. सकाळी उदगीरहून पोरीचा, सुवर्णाचा फोन. सातवा लागलाय, १६ तारखेला बाळंतपणाला येणार. "अप्पा, घरात बिडीचा वास आला तर मी त्याच बसनं परत जाते. मला दम लागतोय." धमकी न्हाई, खरंच जाईल. माझ्यावरच गेलीय.

साडू हैद्राबादहून वाफेची सिगरेट आणून दिला. बंदी हाय म्हणे. असू दे, मेहकरात कोण बघायलंय. अंगणात ओढायची, घरात वास न्हाई. पण आत एक तारेची बारीक गुंडाळी, तिच्या तिळाएवढ्या भोकातून कापूस ओवायचा. साडू दोन मिनिटात ओवून दाखवला. त्याला दहा बोटं हायत.

५ फेब्रु., गुरु.
साडूचा कापूस जळाला. आज स्वतः बसलो. नऊ ते बारा. एकदा गेला न्हाई. उजवीकडची दोन बोटं अर्धी, अंगठा लाकूड. कापूस भोकाशी येतो आन् फुलतो. थुंकी लावलो. मेण लावलो. गुंडाळीच वाकडी झाली. तीस वर्षं कपडे शिवलो, न बघता सुईत दोरा घालत होतो म्या!

गुंडाळ्यांची डबी भिंतीवर फेकलो. महादेवी, म्हणजे आमची मंडळी, गुपचूप उचलून आणली. (पुढं म. लिहिणार. डाव्या हातानं लिहायलोय, लांब नाव परवडत न्हाई.)

८ फेब्रु., रवि.
म. शिवरात्रीच्या वाती करत बसलेली. म्हणलो, मला पण एक वात करून दे. बोटाला विभूती लावली, कापूस मांडीवर वळला, पिळून अशी कडक केली की भोकातून सुईसारखी गेली. दोघंबी खुश. सिगरेटच्या बाटलीतला रस टाकलो, बटन दाबलो, ओढलो.

आई गं. राखच छातीत गेली. ठसका, डोळ्यांतून पाणी, खाटेवरून पडायचा राहिलो. पिळलेल्या कापसात रस चढतच न्हाई, वरून ती विभूती.
"अवो, देवाला चालती की हीच वात."
"मी देव हाय का?"
"वात मागितलात, वात दिली. आता कामून वरडायलाव?"
जेवलो न्हाई. तिनंबी विचारलं न्हाई.

१० फेब्रु., मंगळ.
शेजारच्या घरातून खरवस आला. अण्णाच्या घरचा. परत पाठवलो. म. तोंड फुगवून बसली.

फुगव. माझा थोरला भाऊ हाय, मला ठाऊक हाय. दोन वर्षं झाली. कडबा कापायची मशीन बंद होती, कडबा अडकला होता, मी हात घालून काढायलो होतो. अण्णा बटनापाशी. काही न विचारता दाबला. दवाखान्यात सगळ्यांना सांगत बसला, "मला वाटलं हात काढला असंल." वाटलं म्हणे. त्याला वाटलं आन् माझं दुकान बंद झालं.

तेव्हापासून बोललो न्हाई. एका भिंतीला दोन घरं, तरी न्हाई.

१३ फेब्रु., शुक्र.
शिलाई मशीनच्या दाबाच्या पायाखाली गुंडाळी धरून बघितलो, म्हणजे हलणार न्हाई. चपटी झाली. आता डबीत एकच उरलीय.

म. मात्र डोकं चालवली. कापूस मोकळाच ठेवली, टोकाला तेवढा पीळ, विभूती न्हाई. टोक आत जातंय. पण एका हातानं ओढायचं तर दुसरा हात धरायला पाहिजे, आन् माझा दुसरा हात धरतच न्हाई. म.ची बोटं थरथरतात, तिला बारकं दिसत न्हाई.

संध्याकाळी दुकानातून बिडीचं बंडल आणलो. उघडलो न्हाई. खिशात हाय.

१५ फेब्रु., रवि., शिवरात्र
म. देवळात गेली. जाताना अण्णाला सांगून गेली, ते नंतर कळलं. मी ओसरीवर गुंडाळी घेऊन बसलेलो. अण्णा दारात.
"काय धरायचं ते सांग."
दोन वर्षांनी हे पहिलं बोलणं. जा म्हणणार होतो. पण उद्या पोरगी सु. येणार आन् खिशात बंडल.

समोर बसला. गुंडाळी दोन बोटांत धरला, घट्ट. मी डाव्या हातानं टोक ओढलो. गेला! पहिल्या झटक्यात गेला. रस सोडलो. आता फक्त बटन. तेवढं माझ्या लाकडी अंगठ्याला जमतंय.

अण्णाची बोटं अजून तारेवरच. साडू दाखवला होता, ती तार लालबुंद होते. अण्णालाबी ठाऊक असणार, कारण तो तारेकडं बघत नव्हता, माझ्या अंगठ्याकडं बघायला होता. बोटं काढला न्हाई.

दाबावं वाटलं. खोटं कशाला लिहू? लई वाटलं. अंगठा बटनावर टेकलाबी होता.

मग विचारलो, "अण्णा, हात काढलास का?"

एवढंच विचारायचं असतंय.

त्याचं तोंड उतरलं. हात काढला. उठला आन् अनवाणीच गेला.

बटन दाबलो. वाफ आली. चव काय कळली न्हाई. म. देवळातून आल्यावर बंडल तिच्या हातात दिलो, ती चुलीत घातली.

अण्णाची चप्पल दारातच पडलीय. म.ला म्हणलो, हात लावू नको. उद्या दुपारच्या बसनं सु. येणार. पाय धुवायच्या आधी विचारणार, मोठ्या अप्पांची चप्पल हितं कशी? काय सांगायचं ते अजून ठरलं न्हाई.