घरी न गेलेली पुस्तकं

सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

ग्रंथालयाचा अध्यक्ष म्हणून तू पाठवलेला ठराव सकाळी माझ्या टेबलावर आला, म्हणून हे पत्र. पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं रद्दीत काढायची आणि खाली ग्रंथपालाने सही करायची. मी सही करणार नाही.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण सभेत बोलत नाही, हे बरं.

सभेत तू म्हणालास, "ताईची पुस्तकं ताईसारखीच. कुणी घरी नेलं नाही." सगळे हसले. विनोद बरा होता, हिशेब चुकीचा होता.

घरी न्यायचं म्हणजे नाव लिहावं लागतं. नोंदीशिवाय मी कुणाला कागदाचा कपटाही देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून काही पुस्तकं लोक खिडकीजवळच्या टेबलावर बसूनच वाचतात. मूळव्याध, घटस्फोट, दारू सोडणं. आल्यावर बागकामाचं विचारतात आणि फिरत फिरत त्या कपाटाशी पोचतात. माणूस विचारतो एक, शोधतो दुसरंच. अशा वेळी ग्रंथपालाने कपाट दाखवावं आणि मान खाली घालून आपलं काम करावं. मला कळलेलं शास्त्र एवढंच. संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मीच जागेवर लावते, त्यामुळे काय वाचलं गेलं ते कळतं. कुणी वाचलं, ते विसरते.

एकदाच विसरता आलं नाही.

तू म्हणालास, आता सगळं फोनवर मिळतं. मिळतं की. तूही आधी तिथेच पाहिलं असशील. मग पावसाळ्यात आठवडाभर रोज दुपारी त्या टेबलावर का येत होतास? मला म्हणालास, "सहज आलो गं, इथला पंखा बरा आहे." वर वर्तमानपत्र होतं, खाली लहान मुलांच्या आकडीवरचं पुस्तक. मी चहासुद्धा विचारला नाही. विचारला असता तर तू उठून गेला असतास. तुझ्या लेकीची तब्येतही त्यानंतर विचारलेली नाही. सांगशील तेव्हा ऐकेन.

ते पुस्तक कधी कुणी घरी नेलेलं नाही. तुझ्या ठरावाप्रमाणे तेही रद्दीत जातं.

उद्या रद्दीवाला आला तर दारात मी उभी असेन. सभेने कारण विचारलं तर सांगेन, ही पुस्तकं वाचली जातात. कोण वाचतं, ते मला कामावरून काढलंत तरी सांगणार नाही.

तुझी,
ताई

शिपायाबरोबर दिले: ठराव, सहीशिवाय. आकडीवरचं पुस्तक, नोंदीशिवाय. घरी बसून वाच.
दिली नाही: कपाटाची किल्ली.