अक्काच्या गोळ्या

देवपूर. मंगळवार, संध्याकाळ.

अक्का रेवाला घेऊन धरणगावहून आली होती. रेवा बारा वर्षांची, स्वमग्न. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून थोरल्या बहिणीला वाटतं मला सगळं ठाऊक असतं.

चहा झाल्यावर तिने पर्समधून एक जुनी चिठ्ठी काढली. रेवा पोटात असताना गर्भ टिकावा म्हणून डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ती. बारा वर्षं जपलेली.

"हार्मोनमुळे मेंदूतल्या पेशी वेगळ्या होतात म्हणे. माझ्या गोळ्यांमुळेच झालं ना?"

"नाही गं," मी म्हणाले. इतक्या पटकन, की तिला पटलंच नाही.

"बठ्ठं सांग, सगळं. बहीण म्हणून नको, मास्तरीण म्हणून सांग."

मग सांगितलं. पेशींवर बारीक काटे असतात, तिथे एक पेशी दुसरीला जोडली जाते. काही स्वमग्न माणसांत ते जास्त दिसलेत. हार्मोनचा त्यात वाटा आहे का, ते शोधतायत. पण रेवाचं अमुक गोळीमुळे झालं, असं कुणालाच सांगता येणार नाही.

"म्हणजे माहीत नाही."

"नाही माहीत."

तिने चिठ्ठी फाडली नाही. त्याच घड्यांवर दुमडून परत ठेवली. का जपते ती? स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून?

जाताना दारात म्हणाली, "आधीचे दोन गर्भ राहिले नाहीत. गोळ्या घेतल्या नसत्या, तर ही तरी राहिली असती का?"

रेवा तिचा पदर ओढत होती, बस चुकेल म्हणून. अक्का हसली आणि तिच्यामागे निघाली.

तिला उत्तर नकोच होतं बहुतेक. मला मात्र ते हवंय.