सज्ज्यातून वन्स मोअर

मोंतेरुवो, १२ जानेवारी १९०८

आज दुपारी बोलोन्याहून येथे सुखरूप पोहोचलो. गावच्या नाट्यगृहाचा इतिहास लिहिण्यासाठी येथील सज्जेमालकांनी मला पाचारण केले आहे. नोव्हेंबरात माझी पत्नी डेल्फिना क्षयाने वारली; त्यानंतर आज प्रथमच मन प्रसन्न आहे, हे नमूद करताना संकोच वाटतो. वास्तू लहान परंतु देखणी आहे. सज्ज्यांची रांग घोड्याच्या नालेसारखी वळलेली, आणि प्रत्येक सज्जा एकेका घराण्याच्या मालकीचा. बाजूच्या सज्ज्यांतून रंगमंच अर्धाच दिसतो, समोरची माणसे मात्र पूर्ण दिसतात. मालकांच्या अध्यक्षा आर्जियाबाई याही विधवा आहेत. त्या म्हणाल्या की, आमचे लोक नाटकापेक्षा एकमेकांनाच पाहायला येतात. निर्वंश झालेल्या एका घराण्याचा सज्जा त्यांनी मला बहाल केला. रिकामा सज्जा पडलेल्या दातासारखा दिसतो, असे त्यांचे मत.

१९ जानेवारी

येथील एक प्रथा नोंदवण्याजोगी आहे. वन्स मोअर नाकारण्याची मुभा कोणत्याही कलावंतास नाही, आणि तो मिळण्यास एका सज्जेमालकाचा आवाज पुरतो. पूर्वी एका गायिकेला अंगात ताप असताना मृत्यूचा प्रवेश इतक्या वेळा करावयास लावला, की अखेर ती गतप्राण झाली. द्वारपाल नाझारेनोने ही हकीकत पोट धरून हसत सांगितली. "तरी वन्स मोअर आलाच," तो म्हणाला, "आणि बाई उठल्या की." ही गावंढळ थट्टा मी इतिहासात घेणार नाही.

२ फेब्रुवारी

कार्निव्हलच्या उत्सवातला पहिला खेळ. शेजारच्या खुर्चीवर मी डेल्फिनाची शाल ठेवली होती. शालीला गाणं कळतं का हो प्रोफेसर, असे नाझारेनोने विचारले. ती माझ्या दिवंगत पत्नीची आहे, असे मी सांगताच तो म्हणाला, मग कळेल.

अखेरच्या अंकात नायिका क्षयाने मरते. ती खोकू लागली तेव्हा माझा स्वतःवरील ताबा सुटला. चारचौघांत कधी आवाज न चढवलेला मी उभा राहून 'वन्स मोअर' ओरडलो.

गायिका उठली नाही. तिच्या अंथरुणावरून डेल्फिना उठली. तिने पाणी मागितले, केसांतला काटा दातांत धरून अंबाडा सारखा केला, माझ्याकडे पाहून हसली. मग नोव्हेंबरातल्यासारखीच, गुदमरत, मेली.

९ फेब्रुवारी

आर्जियाबाईंना जाब विचारला. त्यांनी माझा हात थोपटला. "किती छान मरते हो तुमची बायको. आमचे यजमान ओत्ताव्हियो पोतं टाकल्यासारखे मरायचे, दरवेळी तसंच. लोक कंटाळले होते." मी इतिहासाचा विषय काढला, तेव्हा भोवतालचे सारे हसले. "इतिहास कुणाला हवाय, प्रोफेसर? आम्हाला ताजा विधुर हवा होता."

परत जावयास हवे. जाणार नाही.

१६ फेब्रुवारी

सर्व सज्ज्यांतील खुर्च्या आता माझ्याकडे वळवल्या आहेत. दुर्बिणीही. रंगमंच कोणी पाहत नाही. मी रडतो तेव्हा टाळ्या पडतात.

आज तिला पुन्हापुन्हा उठवले. उठते तेव्हा क्षणभर ती बरी असते. त्या क्षणासाठी —

शेवटी ती म्हणाली, "एर्मेते, पुरे कर. फार दुखतं रे."

१ मार्च

आता ती हसत नाही. उठताच माझ्याकडे पाहते, भेदरून.

मंगळवारी अखेरचा खेळ, मग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासाठी नाट्यगृहाला कुलूप. अखेरच्या खेळात ज्याला बोलावले नाही तो कायमचा सुटतो, असे नाझारेनो म्हणतो. मी गप्प बसेन. शपथ —

३ मार्च

सज्ज्यात बसूनच लिहितो आहे. तिची शाल तोंडात कोंबली आहे.

ती मेली. शांतता. सगळ्या दुर्बिणी माझ्यावर —

मी गप्प आहे.

तिचा चेहरा निवांत. पहिल्यांदाच. आर्जियाबाई समोरून खुणावतात — बोला, बोला —

नाही.

पडदा उतरतो आहे. केस झाकले गेले — आता हात — पुन्हा कधीच —

शाल तोंडातून खाली पडली.

टाळ्या कशाच्या? कोण ओरडले? पडदा वर — ती उठते आहे — माझ्याकडे पाहते आहे —

डेल्फिना, तो आवाज माझा नव्हता — एकदाच, फक्त पाणी पिईपर्यंत, मग मी —