पट्टा फक्त डुकराला बसला

प्रिय सेनिमिली वहिनी,

तुला आणि दादाला अलुमिताचा नमस्कार. नदी उतरली, आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? लेबनॉनच्या शांतिसेनेतून दादा जो जायबंदी पाय घेऊन आला, तो पावसात अजून ठणकतो का? (मी विचारलं असं त्याला सांगू नकोस. बहिणीने भावाशी समोरून बोलायचं नाही ही आपली रीत, म्हणून तर सगळं तुझ्या कानात ओतावं लागतं.) मागे पाठवलेले मासे तुला मिळाले नाहीत, ते बसवाल्या रामसामीचं काम. तुझं घर विसरला आणि तसेच परत आणले. बसमध्ये ही दुर्गंधी! भर बाजारात मी त्याला सोलून काढला.

आता फोटोचं. तो तू पाहिला असशीलच, सगळ्या फिजीने पाहिला. म्हणून खरं काय ते माझ्याकडून ऐक.

पुरात पूल बुडाला आणि नेमकी तेव्हाच नदीपलीकडची मोठी मावशी वारली. मयताला चटया आणि डुक्कर नेला नाही तर जन्मभर तोंड लपवायचं. बस बंद. तेवढ्यात पिठाची पोती वाटत सैन्याची नवी चिलखती गाडी गावात आली, माझ्या छातीएवढी चाकं, आणि चालवायला कोण, तर माझा पेनियासी! मी लगेच केरेकेरे केलं. नातलगाने असं मागितल्यावर नाही म्हणणारा अजून आपल्यात जन्मायचाय.

"आई, ही बस नाही."

"मग मागे दार कशाला ठेवलंय?"

"सैनिकांना उतरायला."

"आम्हीही उतरूच की! आत राहायला थोडंच येतोय?"

बिचारा. सैन्याने त्याला सगळं शिकवलं, आईला नाही म्हणायला शिकवलं नाही.

पायरी ही उंच. आम्ही बायकांनी एकमेकींना मागून ढकलून आत घातलं. आत खुर्च्या झोपाळ्यासारख्या टांगलेल्या आणि दोन्ही खांद्यांवरून पट्टे. कुठल्या उपाशी माणसाच्या मापाने शिवलेत देव जाणे, आमच्यातल्या एकीलाही बसेनात. पेनियासी ओरडतोय, पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही. शेवटी नीट बांधला गेला तो एकटा डुक्कर. असा बसला होता वहिनी, जसा काही कर्नल! (फोटो शेजारच्या विनाइसीने काढला. तिला मी बघून घेतलंय.)

गाडी नदीत उतरली, पाणी दारापर्यंत आलं, आणि बाया गायला लागल्या. मी पेनियासीला विचारलं, गाडीचं पोट होडीसारखं निमुळतं का रे, तरंगायला? तो हसला. म्हणाला, "नाही आई. खाली सुरुंग फुटला तर जोर दोन्ही बाजूंना निघून जावा म्हणून. मामाच्या वेळच्या गाडीचं पोट सपाट होतं ना."

माझं गाणं तिथंच थांबलं. मला वाटायचं शांतिसेना म्हणजे पगार, बूट आणि येताना नवं घड्याळ. पोरगा सीनाईला चाललाय म्हणून मी गावभर मिरवत होते, आणि तिथे जमिनीत काय पुरलंय हे एकदाही विचारलं नव्हतं.

मयत चांगलं झालं. फोटो मात्र छावणीत पोचला, आणि तिथल्या गाड्या दादाच्याच ताब्यात. त्याने पेनियासीला सीनाईच्या तुकडीतून काढलं. आता पोरगा स्वयंपाकघरात कसावा सोलतो. रविवारी घरी येतो, माझ्याकडे न बघता जेवतो. "मीठ" म्हणतो, बस्स. भांडला असता तर मी पुरून उरले असते. पण मीठ म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं? दोन दिवस थांबून गेले असते तर मावशी काय उठून जाब विचारणार होती? वहिनी, यापुढे मी कुणाकडे काही मागणार नाही.

तुझी नणंद,
अलुमिता

ता. क. दादाला सांग, पोराला परत तुकडीत घे. भाच्याने मागितलेलं मामाला द्यावंच लागतं, पण हा छावणीत मामाला साहेब म्हणतो आणि मागत नाही. म्हणून मी मागते. बाबांचा देवमाशाचा दात पाठवतेय. तो पुढ्यात ठेवलास की दादाला नाही म्हणता येणार नाही.

आणखी एक. दात दोनदा पेटीतून काढला आणि गाडीचं ते पोट आठवून दोनदा परत ठेवला. आज सकाळी रामसामीकडे दिला. पोचला तर दादाच्या हातात दे. नाही पोचला, तर या खेपेला मी रामसामीला काही बोलणार नाही.