अनवाणी माप

३ मार्च

चि. छोटीस,
अ. आ. वि. वि.

कालच्या सभेत मी मोटार सोडल्याचं जाहीर केलं. टाळ्या अशा पडल्या की आता माघार नाही! तेव्हा कारागीर बाई, भावाची लाज राखा. कॉलेजपर्यंत आठ किलोमीटर डांबरी रस्ता, रविवारी कालव्याकाठची कच्ची वाट, आणि खिसा मास्तराचा. मिरवायची सायकल नको, राबणारी हवी. तुमच्या दुकानातून तूच निवड आणि पार्सलने पाठव.

बाबा पहिल्याच दिवशी पडणार, असं तुझ्या भाच्या आत्तापासून म्हणताहेत. तुझा खोकला कसा आहे?

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. तू हायब्रिड घे. अडतीस मिलिमीटरचे टायर डांबरावर जड जात नाहीत आणि कच्च्या वाटेवर घसरत नाहीत. पुढचं सस्पेन्शन नको. स्वस्तातलं म्हणजे नुसतं ओझं. वाचलेले पैसे चांगल्या ब्रेकला घालू.

गेल्या महिन्यापासून ग्राहकांना सायकल निवडून द्यायचं काम मालकांनी मला दिलंय. बाईला हे काम दुकानात पहिल्यांदाच मिळालं, त्यामुळे सगळे माझी पहिली चूक कधी होते याची वाट बघताहेत. म्हणून एवढं नीट कर: अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभा राहा. मांड्यांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धर, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. पुस्तकांना तुझ्याकडे तोटा नाही! त्या आकड्यावरच फ्रेमची उंची ठरते.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेव.
तुझी छोटी

१४ मार्च

चि. छोटीस, अ. आ.
ऐंशी सेंटिमीटर. घाईत आहे, व्याख्यान आहे.
दादा

२ एप्रिल

दुकानाचे मालक यांस,
स. न. वि. वि.

काल भर चौकात, माझ्याच विद्यार्थ्यांदेखत मी आडवा झालो. सिग्नलला पाय टेकायला जावं तर दांडी आड येते आणि जमीन लागत नाही. ही सायकल निवडणारी माझी सख्खी बहीण आहे. पण सत्यापुढे मी नातं पाहत नाही. जिला भावाची उंची कळत नाही, तिच्या हाती परक्यांचे हातपाय सोपवू नका! हे पत्र सर्व कारागिरांसमोर वाचावं.

आपला, एक ग्राहक

१० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मालकांनी तुझं पत्र सर्वांसमोर वाचलं. तुझी वाक्यं ऐकायला नेहमीच छान असतात. मालक ‘परक्यांचे हातपाय’पर्यंत आले आणि कुणीतरी हसलं. मी आता पंक्चरच्या टेबलावर आहे.

तुझं ऐंशीचं पत्र मी खिशातच ठेवलं. आई तुझी प्रत्येक पँट चार बोटं आत दुमडायची. ती गेल्यावर तुझ्या लग्नापर्यंत मी दुमडली. ऐंशी वाचल्यावर मला शंका यायला हवी होती. पण तू मला खोटं सांगशील, हे डोक्यातच आलं नाही. माझी चूक एवढीच.

कुठे फार खरचटलं का? औषध लाव.
छोटी

१६ एप्रिल

मालकांस,
स. न. वि. वि.

न थांबता दोन तास बोलणाऱ्या माणसाला हे पत्र लिहायला चार दिवस लागले. बहिणीनं अनवाणी म्हटलं होतं. मी जाड तळाचे बूट घालून मोजलं, सत्त्याहत्तर भरले, ते ऐंशी करून लिहिले. व्यासपीठावर मेजामागे पाय दिसत नाहीत. तिथं उभा राहून मी स्वतःला उंच समजू लागलो होतो. पडल्यावर माझं खोटं मला ठाऊक होतं. तरी मी तिला पुढे केलं आणि त्याला सत्य म्हटलं.

अनवाणी माप चौऱ्याहत्तर आहे. हेही पत्र सर्वांसमोर वाचावं. पण मी लिहिलेल्या आकड्यावर आता विश्वास ठेवू नका. मी रविवारी सायकल घेऊन येतो. सगळ्या कारागिरांसमोर बूट काढून भिंतीला उभा राहीन. टेप तिच्या हाती द्यावी, आणि आकडा तिनंच मोठ्यानं सांगावा.

तिनं ओळख दिली तर,
तिचा भाऊ