बाबा तळ्यावर आहेत

गास्पारदादा,

नमस्कार घे, त्याहून जास्त द्यायची इच्छा नाही. तरी काळजीत असशील म्हणून कळवते, बाबा ठणठणीत आहेत.

तू त्यांचे डोंगरात चालायचे बूट लपवून ठेवलेस. ऐंशी वर्षांच्या माणसाशी असं वागतात का? शेवटी ते माझ्या नवऱ्याचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून चढले. दोन तासांच्या वाटेला सहा तास लागले. शेवटच्या चढावर ते मटकन खाली बसले. मी म्हटलं, "बाबा, परत फिरू या."

"तूही गास्पारच निघालीस की," ते म्हणाले. मग मी त्यांना हात देऊन उठवलं.

तळ्यात अजून बर्फ तरंगतोय. त्यांनी त्यात पाय सोडले आणि मनसोक्त तुझा उद्धार केला. इथला निवारा चालवणाऱ्या सोलांजबाईंनी सूप दिलं, ते दोन वाट्या प्यायले. तू भरलेला वृद्धाश्रमाचा अर्ज बाबांनी तिथल्या चुलीत टाकला. मी अडवलं नाही.

वहिनीची पाठ कशी आहे?

कालपासून बाबांना बसल्याजागी धाप लागते. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. उतरायचं नाव काढत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तू ये. भांडायला ये, पण लवकर ये.

ओदील