दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

१४ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तीर्थरूप लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. इकडे सगळे ठीक. आई जेवते, झोपते.

रविवारी तुझा मॅनेजर येऊन गेला. गोडबोल्या माणूस. तुझ्या पहिल्या कॅसेटची नवी आवृत्ती निघतेय, मूळ टेपला बुरशी लागलीय आणि धड वाजणारी एकच कॅसेट आपल्या घरी उरलीय, ती द्या, असं म्हणाला. हे सांगायला तुझे पाय झिजले असते का रे?

बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की ती कॅसेट इथे रोज वाजते. तर दचकलाच. वाजवू नका म्हणाला, कधीही तुटेल. का वाजवते ते मी त्याला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

पण पुढे म्हणाला, कंपनी आवाज साफ करणार. खरखर जाईल, आणि शेवटच्या गाण्यातला खोकलाही जाईल. त्या जागी तू स्टुडिओत नव्याने खोकणार आहेस म्हणे, अगदी तालात. धन्य आहे तुझी!

तो खोकला अण्णांचा आहे. विसरला असशील म्हणून सांगते. भाड्याच्या मशीनवर तू पुढच्या खोलीत गात होतास, खिडक्यांना गाद्या लावल्या होत्यास, आणि दम्याच्या माणसाला तोंडावर टॉवेल धरून मोरीत बसवलं होतंस. गाणं बापावर आणि बाप मोरीत. शेवटच्या ओळीआधी त्यांना आवरलं नाही. मशीन संध्याकाळी परत द्यायचं होतं, म्हणून तसंच राहिलं. त्यानंतर आठवडाभर तू त्यांच्याशी बोलला नाहीस. मग लोकांना नेमकं तेच आवडलं, तेव्हा मुलाखतीत म्हणालास की ते मुद्दाम ठेवलंय. आता कार्यक्रमात तू तिथे खोकतोस आणि टाळ्या घेतोस. मी एकदा मागे बसून पाहिलं. किळस आली, उठून घरी आले.

अण्णांचा दुसरा कुठलाही आवाज आपल्याकडे नाही. गेल्या माणसाचे फोटो असतात, ते बोलत नाहीत.

बदल्यात नवी, स्वच्छ प्रत देतील म्हणे. तिचं काय लोणचं घालू?

आता ऐक. आईला माणसं ओळखू येत नाहीत. मला ती नर्स समजते. दुपार झाली की बिथरते, अण्णांना शोधत दारं उघडत फिरते, ओरडते. मग मी कॅसेट लावते. शेवटचं गाणं येतं, अण्णा खोकतात, आणि ती खुर्चीत बसते. हे घरात आहेत, एवढं तिला पुरतं. मग झोपते.

काल तिने विचारलं, हा गाणारा कोण? मी म्हटलं, तुझा मुलगा.

ती म्हणाली, "कुणाचा का असेना. त्याला म्हणावं, गप बस जरा. यांना खोकला लागलाय, ऐकू येत नाही का त्याला?"

निरोप तिचा होता, मी पोचवला. कॅसेट मिळणार नाही.

आई-अण्णांची,
धाकटी